धुरात कामाला येणारा टॉर्च: अग्निशमन जवानांसाठी आराखडा, बांधणी आणि चाचणी

कसारा घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरले की नवखा ड्रायव्हर हाय बीम मारतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. रोजचा ट्रकवाला दिवा खाली घेतो, बंपरजवळचे फॉग लॅम्प लावतो आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून उतरतो. आगीच्या धुरातही हेच होतं. धूर आपलाच प्रकाश आपल्याच डोळ्यांवर फेकतो. म्हणून उजेड वाढवण्याआधी परत येणारा उजेड कमी करायचा. बाजारातले बहुतेक टॉर्च नेमके याच्या उलट असतात: खोक्यावर ल्युमेनचा (एकूण उजेडाचा) मोठा आकडा, रुंद झोत आणि निळसर पांढरा प्रकाश. रात्री मळ्यात मोटार चालू करायला जाताना ते झकास, पण धुराने भरलेल्या जिन्यात बिनकामाचे.

हा लेख लेथ, सोल्डरिंग आणि थोडंफार गणित जमणाऱ्यांसाठी आहे. नाशिकला हे काम करणं सोपं आहे, कारण टर्निंग, व्हीएमसी (संगणकी मिलिंग), अ‍ॅनोडायझिंग, रबर मोल्डिंग हे सगळं सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीच्या एका फेरीत मिळतं. आणि गरजही इथेच आहे. जुन्या नाशकातल्या लाकडी वाड्यांचे जिने दिवसाही अंधारे असतात, औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक, रबर आणि सॉल्व्हंट साठवलेलं असतं. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या पॉलिफिल्म कारखान्याला लागलेली आग जिल्हा विसरलेला नाही.

आधी धुराचा हिशोब

काजळीचे मूळ कण अतिसूक्ष्म असतात, पण ते एकमेकांना चिकटून साखळ्या बनतात आणि धुरातल्या बहुतेक कणांचा आकार ०.१ ते १ मायक्रॉनच्या घरात जातो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. दोन्ही मापं जवळपास सारखी असल्यामुळे धूर प्रकाशाला जोरात अडवतो. काही भाग काजळी गिळते, काही भाग सगळीकडे उधळला जातो. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनवर पाहतो. ती लांबी कणांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून त्याला धूर फारसा आडवा येत नाही. पण कॅमेऱ्याला काचेपलीकडचं दिसत नाही, गुळगुळीत फरशीत उष्णतेची प्रतिबिंबं दिसून फसगत होते आणि तो प्रत्येक जवानाच्या हाती नसतो. पायरीची कड, दाराची कडी, होजचा (पाण्याच्या पाइपचा) वेटोळा, जोडीदाराचा बूट हे पाहायला टॉर्चच लागतो.

धुराची दाटी एका आकड्यात मांडता येते, त्याला आपण क्षय गुणांक म्हणू. हा गुणांक १ असेल तर प्रत्येक मीटरला प्रकाशाचा फक्त ३७ टक्के भाग पुढे जातो. २ असेल तर १४ टक्के, ३ असेल तर ५ टक्के. जपानमध्ये जिन या संशोधकांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून एक सोपा नियम मिळाला, तो आजही अग्निसुरक्षेच्या गणितात वापरतात. दुसऱ्याच्या उजेडात दिसणारी वस्तू साधारण ३ भागिले गुणांक इतक्या मीटरपर्यंत ओळखू येते, आणि स्वतः प्रकाशणारी वस्तू ८ भागिले गुणांक इतक्या मीटरपर्यंत. म्हणजे गुणांक १ असताना पाटी ३ मीटरवरून, पेटलेला दिवा ८ मीटरवरून. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे त्यांच्यावरच एक मोठा निर्णय घ्यायचा आहे.

आता जास्त ल्युमेन का उपयोगी नाहीत ते पाहू. टॉर्चचा प्रकाश वस्तूपर्यंत जातो आणि परत येतो, म्हणजे धूर दोनदा कापावा लागतो. गुणांक १ असताना टॉर्चची ताकद दुप्पट केली तर फार तर ३५ सेंटिमीटर जास्त दिसतं. चौपट केली तर ७० सेंटिमीटर. अंतरासोबत झोत पसरतो तो तोटा यात धरलेलाच नाही, प्रत्यक्षात फायदा याहून कमी. आणि ताकद दुप्पट झाली की डोळ्यांवर येणारी चमकही दुप्पट होते. चौपट सेल, चौपट उष्णता, चौपट झगमग, आणि पदरात अडीच फूटही नाहीत.

दिवा कुठे लावायचा

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि याला पैसा लागत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहा. रात्री खोली अंधारी करून धूप लावा, धूर खोलीभर पसरू द्या. टॉर्च कपाळाला टेकवून समोरच्या भिंतीकडे पाहा, मग तोच टॉर्च पोटाशी धरून पाहा. दुसऱ्या वेळी भिंत जास्त स्वच्छ दिसेल. टॉर्च डोळ्यांजवळ असला की नाकासमोरचा धूर उजळतो आणि नजर त्यातूनच जाते. टॉर्च लांब असला की तो उजळलेला धूर नजरेच्या वाटेत येत नाही.

आकड्यांत सांगायचं तर हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांपासून १० सेंटिमीटरवर आणि त्याचा झोत ६० अंशांचा धरला, तर झोत डोळ्यांपुढे १७ सेंटिमीटरवरच नजरेच्या रेषेत शिरतो. दिवा डोळ्यांच्या ४० सेंटिमीटर खाली, झोत ६ अंशांचा आणि ३ मीटरवर नजरेला मिळेल असा सुमारे साडेसात अंश वर वळवलेला असेल, तर तो दोन मीटरच्या पुढेच नजरेच्या रेषेत येतो. मधला सगळा धूर काळोखात राहतो.

म्हणून टॉर्च काटकोनी हवा: अंग उभं, डोकं पुढे पाहणारं, बीए सेटच्या (पाठीवरच्या श्वसनयंत्राच्या) पट्ट्याला छातीच्या खालच्या बाजूला अडकवलेला. पण आगीत जवान ताठ चालत नाही. गरम धूर वर चढतो, जमिनीलगत थोडा मोकळा थर राहतो, म्हणून तो गुडघ्यांवर रांगत जातो. एक हात भिंतीला, दुसरा होजला. रांगताना छातीचा टॉर्च फक्त फरशी उजळतो. याला उपाय म्हणजे फिरणारं डोकं. ०, ३०, ६० आणि ९० अंशांवर खाचा ठेवा, आत स्प्रिंगवर छर्रा बसवा, म्हणजे जाड हातमोज्यातूनही ‘कट’ असा ठेका हाताला कळतो. सैल फिरणारं डोकं नको, ते पहिल्याच धक्क्यात वाट सोडतं.

या जागेची एक किंमत मोजावी लागते. जवानांच्या अंगावरच्या चमकत्या पट्ट्या प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. डोळे आणि दिवा यांच्यातला कोन एक-दोन अंशांपुढे गेला की त्यांची चमक झपाट्याने उतरते. छातीच्या टॉर्चने ३ मीटरवरच्या जोडीदाराची पट्टी फिकीच दिसेल. ती भरपाई पुढे मागच्या दिव्याने करू.

झोत घडवणे

लक्ष्य असं ठेवा: ६ अंशांचा झोत, म्हणजे ५ मीटरवर साधारण अर्ध्या मीटरचा ठिपका, आणि त्या ठिपक्याबाहेर शक्य तितका काळोख.

साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा बराच प्रकाश रिफ्लेक्टरला न लागता थेट समोर पसरतो. तोच उधळा उजेड धुरात आपला शत्रू. त्यामुळे मी रिफ्लेक्टरऐवजी बोरोसिलिकेट काचेचं अ‍ॅस्फेरिक (साध्या गोलाईपेक्षा वेगळ्या वक्राचं) भिंग सुचवेन. भिंगाच्या मागची नळी आतून काळी मॅट अ‍ॅनोडाइझ करून घ्या आणि तिला बारीक आटे पाडा, म्हणजे भिंतीवर पडलेला प्रकाश पुढे निसटत नाही. बराच प्रकाश या नळीत वाया जाईल. जाऊ द्या, तो बाहेर गेला असता तर नुकसानच केलं असतं. भिंगापुढेही २५ मिमीची काळी टोपी ठेवा, ओरखड्यांपासूनही ती वाचवते.

एलईडी छोट्या चिपचा घ्या, सुमारे १ चौरस मिमी, वर घुमट नसलेला. भिंग चिपचंच चित्र समोर टाकतं, त्यामुळे चिप जितकी लहान तितका झोत अरुंद. भिंगाचं केंद्रांतर ९-१० मिमी असेल तर १ मिमीच्या चिपपासून ६ अंशांच्या आसपासचा झोत मिळतो. फोकस एकदा भिंतीवर जुळवून लॉकटाइटने कायमचा बंद करा. झूम वगैरे नको, धुरात कुणी झूम फिरवत बसत नाही.

मोजायचं माप कॅन्डेला (एका दिशेतली झोताची तीव्रता), ल्युमेन नव्हे. ५ मीटरवर लक्समीटर धरा, आलेल्या आकड्याला २५ ने गुणा, कॅन्डेला मिळाले. २०,००० कॅन्डेला पुरेसे आहेत. एवढ्यात स्वच्छ हवेत टॉर्चच्या मानकाप्रमाणे झोताचं अंतर पावणेतीनशे मीटरच्या पुढे जातं. गुणांक १ च्या धुरात मात्र ५ मीटरवर जेमतेम ५ लक्स पोहोचतात आणि ८ मीटरवर ०.१. खोक्यावर छापलेल्या मीटरांचा आगीत काय अर्थ उरतो, ते यावरून कळतं.

रंगाबद्दल थोडं

पिवळा दिवा धूर कापतो असं सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण थोडं. काजळीचा अडथळा साधारण तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्यापेक्षा ५९० च्या अंबर प्रकाशाला अडथळा जवळपास पाव हिश्शाने कमी. पण डोळा मुळात ५५५ च्या हिरवट पिवळ्याला सर्वांत संवेदनशील असतो, पांढऱ्या एलईडीतला निळा भाग दिसण्यात फार भर घालत नाही, फक्त चमक वाढवतो. त्यामुळे पांढऱ्यावरून अंबरवर गेल्यास अंतरातली वाढ थोडीच, डोळ्यांना आराम मात्र जाणवतो. तेही कण बारीक असताना. वाफ आणि मोठे थेंब असतील तर रंगाने काही फरक पडत नाही.

अंबरचा तोटा असा की भाजलेली कातडी, रक्त आणि वायरींचे रंग ओळखू येत नाहीत. मी मुख्य झोतासाठी ३००० केल्विनचा उबदार पांढरा घेईन. अंबर हवाच असेल तर शुद्ध अंबर चिपऐवजी फॉस्फरचा लेप असलेला अंबर एलईडी घ्या, गरम झाल्यावर त्याचा उजेड शुद्ध चिपपेक्षा कमी घटतो. ६५०० केल्विनचा निळसर एलईडी कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

मागचा दिवा

वर लिहिलेले ३ आणि ८ आठवा. ज्या धुरात जोडीदाराचा कोट ३ मीटरवर दिसेनासा होतो, त्याच धुरात त्याच्या पाठीवरचा छोटा दिवा ८ मीटरवरून दिसतो. इतका फायदा मुख्य झोतात कितीही पैसे ओतून मिळणार नाही. टॉर्चच्या अंगातून एक वायर काढून बीए सेटच्या पाठपाट्यावर अंबर किंवा हिरवा मंद दिवा द्या, दोन-तीन छोटे एलईडी पुरतात. वायर अडकण्याची भीती वाटत असेल तर स्वतःचा सेल असलेला वेगळा दिवा करा. तो स्थिर जळू द्या. दाट धुरात लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर आणि दिशा डोळ्याला पटकन पकडता येत नाही.

असाच आणखी एक दिवा दाराच्या उंबऱ्याशी ठेवायला द्या. परतीची वाट होजवरून कळतेच, पण वाड्याच्या दोन चौकांत होज वळलेली असताना दाराचा दिवा उपयोगी पडतो.

सेल आणि ड्रायव्हर

बीए सेटचा ६ लिटरचा, ३०० बारचा सिलिंडर म्हणजे सुमारे १८०० लिटर हवा. मेहनतीच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. टॉर्चने असे दोन सिलिंडर एकसारख्या उजेडात काढले पाहिजेत, म्हणजे किमान दीड तास. एलईडीला ३ वॅट, ड्रायव्हरचा (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटचा) तोटा धरून साडेतीन. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १८६५० मापाचे दोन सेल सिरीजमध्ये, ६.४ व्होल्ट आणि १.५ अँपिअर-तास, म्हणजे ९.६ वॅट-तास. अडीच तास आरामात. नेहमीच्या लिथियम-आयनमध्ये याच मापात जास्त ऊर्जा मावते, पण तो सेल तापून बिथरला तर छातीवर आग लागते. फॉस्फेटचा सेल तुलनेने शांत असतो. इथे काटकसर नको, आणि सेल आयएस १६०४६ मानकाचेच घ्या.

ड्रायव्हर स्थिर करंटचा, बक (व्होल्टेज खाली आणणाऱ्या) प्रकारचा. बाजारातले बरेच टॉर्च अंग ५०-६० अंशांना पोचलं की उजेड कमी करतात. आगीत ते तापमान दारातच मिळतं. तुमच्या सर्किटमध्ये उजेड उतरवण्याचा निर्णय एलईडीच्या पट्टीवरच्या थर्मिस्टरवर (तापमान मोजणाऱ्या भागावर) सोपवा आणि मर्यादा १०० अंशांच्या आसपास ठेवा. सेलचं तापमान वेगळं मोजा, ते ६० च्या वर गेलं की मागच्या दिव्याचा रंग बदलून इशारा द्या, पण मुख्य दिवा परस्पर बंद करू नका. सर्किट सिलिकॉनने भरून टाका.

अंग आणि बटण

डोकं अ‍ॅल्युमिनियमचं, सेलचं घर काचतंतू मिसळलेल्या नायलॉन ६६ चं. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळतं. एबीएस १०५ च्या आसपास मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १४७ च्या. म्हणून पुढची काच खरी काचच हवी. घराला बाहेरून सिलिकॉनचं जाड आवरण द्या, सेलपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. ओ-रिंग नायट्राइलची नको, सिलिकॉन किंवा व्हायटॉनची घ्या. पाण्यासाठी लक्ष्य आयपी ६७: १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.

बटणासाठी अंगाला भोक पाडू नका. बाहेर चुंबक बसवलेली मोठी फिरकी आणि आत रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच), एवढंच पुरे. दोनच अवस्था, चालू आणि बंद. तीन मोड, एसओएस, स्ट्रोब यातलं काहीही नको. हातमोजा घालून, डोळे मिटून, ओल्या हाताने चालू करता आला तर बटण पास.

चाचणी

पत्र्याची ६-७ मीटर लांब शेड ताडपत्रीने बंद करा आणि मांडववाल्याकडून डीजेचं फॉग मशीन भाड्याने आणा. गुणांक मोजायला एक छोटा दिवा आणि बरोबर १ मीटर समोर लक्समीटर ठेवा. मीटरवर काळी नळी बसवा, नाहीतर आजूबाजूचा उधळलेला प्रकाश मोजला जाईल. स्वच्छ हवेत १०० आणि धुरात ३७ आले तर गुणांक १, आणि १४ आले तर २.

पायरीची कड, दाराची कडी, काळा गमबूट आणि गोणपाटाखाली झोपवलेला पुतळा अशा चार वस्तू ठेवा. पाहणाऱ्याला बीए सेटचा मास्क घालायला लावा, मास्कच्या काचेवरही चमक येते. कोणता टॉर्च हाती आहे ते त्याला सांगू नका. वस्तूचं नाव सांगू शकला ते अंतर लिहा, सोबत गुणांकही. नुसतं ‘हा भारी वाटतो’ हे मत वहीत घेऊ नका. तुलनेसाठी पाच-सहाशे रुपयांचा बाजारी टॉर्च हवाच.

फॉग मशीनचा धूर पांढरा असतो, तो प्रकाश गिळत नाही, फक्त उधळतो. म्हणून चमकेची परीक्षा तो चांगली घेतो, रंगाची नाही. काळ्या धुराची परीक्षा अग्निशमन अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालच्या सरावातच. घरी टायर किंवा फोम जाळून पाहण्याचा विचारही करू नका, फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असतं.

उष्णतेसाठी अंबडमधल्या एखाद्या पावडर कोटिंगवाल्याशी बोला, त्यांची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. सेल काढून त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे धातूचे ठोकळे घाला, एका ठोकळ्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, टॉर्च ५ मिनिटं आत ठेवा. ठोकळा ६० अंशांच्या आत राहिला पाहिजे. खरे सेल भट्टीत कधीही नाहीत. बाहेर काढल्याबरोबर टॉर्च बादलीत बुडवा, काच तडकते का आणि पाणी शिरतं का ते पाहा. मग २ मीटरवरून काँक्रीटवर, सहाही बाजूंनी पाडा.

दलाकडे जाण्याआधी

एलपीजी हवेत साधारण २ टक्के झाला तरी पेट घेतो, आणि वाड्यात सिलिंडर असतोच. सीलबंद अंग आणि आत बंद असलेला रीड स्विच यांनी ठिणगीचा धोका कमी होतो, पण ज्वलनशील वायूच्या जागी वापरायला तेवढं पुरत नाही. त्यासाठी आयएस/आयईसी ६००७९ मालिकेप्रमाणे चाचणी आणि पेसोची (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची) मान्यता लागते. पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. टी४ वर्ग मिळवायचा तर कोणत्याही पृष्ठभागाचं तापमान १३५ अंशांपुढे जाता कामा नये, हे आराखड्यातच धरा. मान्यता मिळेपर्यंत हा टॉर्च फक्त सरावासाठी.

नाशिक महापालिकेच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय शिंगाडा तलावाला आहे. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या आठवणीत १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तेव्हा ते प्रात्यक्षिकांत गुंतलेले असतात, त्याच्या आधी किंवा नंतर जा. अर्ज रीतसर द्या, पण ज्यांच्या मताला वजन द्यायचं ते रोज आत जाणारे फायरमन आणि लीडिंग फायरमन. त्यांना विचारायचे प्रश्न साधे ठेवा: पट्ट्याला कुठे घासतो, रांगताना कशात अडकतो, ब्रँच (होजचं तोंड) धरलेल्या हाताने फिरकी फिरते का, मागचा दिवा मागच्या माणसाला त्रास देतो का.

टॉर्चसोबत एक कागद द्या. वापर झाला की काच साबणाच्या पाण्याने धुवायची, काजळीचा पातळ थरही चमक वाढवतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं, ती चपटी झाली असेल तर बदलायची, आणि टॉर्च चार्ज करूनच बीए सेटच्या पट्ट्याला परत अडकवायचा.